सेव्ह केलेला डेटा एक सांगतो, क्लास दुसरंच: दूध संकलनाच्या जुन्या फायलींचं काय करू?

माणकाठ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दूध संकलन केंद्रांसाठीचं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर मी २०१६ पासून सांभाळते. जावा भाषेत, खिडक्या-बटणांसाठी तिचंच स्विंग, २३ केंद्रं. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजण्याचं साधन) डिग्री नोंदवली जाते, दरपत्रकावरून दर निघतो आणि दर दहा दिवसांनी पगार होतो. प्रत्येक दहा दिवसांची एक डॅट फाईल. त्यात नोंदींची अख्खी यादी ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीमने (मेमरीतले ऑब्जेक्ट फाईलमध्ये लिहिणारी जावाची सोय) लिहिलेली आहे. क्लासला (नोंदीत कोणती फिल्डं असतात तो कोडमधला साचा) सिरियलायझेबल, म्हणजे फाईलमध्ये लिहिता येईल अशी खूण, लावलं आणि राईटऑब्जेक्ट केलं, एवढाच विचार तेव्हा झाला होता.

आधी आम्ही फक्त डिग्री ठेवायचो आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) तिथल्या तिथे काढायचो. २०१९ मध्ये मशीनवरून थेट एसएनएफ यायला लागलं म्हणून मी नोंदीच्या क्लासमधून डिग्री काढली आणि एसएनएफचं फिल्ड टाकलं. जुन्या नोंदींना काहीतरी आकडा हवा म्हणून फिल्डपुढेच बरोबर ८.५ असं लिहिलं, कारण गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरूनच ठरतो. सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासचा आवृत्ती क्रमांक) हाताने १ लिहिलेला होता त्यामुळे जुन्या फायली बिनतक्रार उघडल्या, आणि मीही समाधानाने पुढच्या कामाला लागले.

गेल्या महिन्यात एका केंद्रावर एक मावशी आल्या, त्यांना बँकेच्या कर्जासाठी २०१७ च्या पगाराचा उतारा हवा होता. सेक्रेटरींनी जुनी फाईल उघडून प्रिंट काढली तर रक्कम त्यांच्या कार्डावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी. मावशींनी कार्ड जपून ठेवलेलं होतं म्हणून कळलं. मी तपासलं तर जुन्या सगळ्या नोंदींत एसएनएफ ०.० आलंय, ८.५ नाही. त्यावर दरपत्रकातल्या सगळ्यात खालच्या ओळीचा दर लागला. रक्कम फाईलमध्ये नाहीच, ती प्रत्येक वेळी नव्याने काढली जाते.

याहून वाईट म्हणजे फाईल बंद करताना आपोआप सेव्ह होते. म्हणजे २०१९ नंतर ज्या जुन्या फायली कुणी नुसत्या बघायला उघडल्या त्या नव्या क्लासने परत लिहिल्या गेल्या आणि त्यातली डिग्री कायमची गेली. अशा किती हे अजून माहीत नाही. एकूण फायली साधारण साडेसहा हजार.

तिसरी गोष्ट, मला आता क्लास नीट करायचाय. काढलेली रक्कम डबलमध्ये (दशांश आकड्यात) आहे ती पैशांत पूर्णांक करायची, तारीख जुन्या डेटची आहे ती लोकलडेट (नुसती तारीख) करायची, आणि प्रत्येक फाईलमध्ये उत्पादकाची वेगळी प्रत जाऊन बसलीय (बँक खातं बदललं की जुन्या फाईलमध्ये जुनंच खातं) ते सोडवायचं. क्लासमध्ये जे आहे आणि फाईलमध्ये जे आहे ते आता जुळणारच नाही. हे कसं डिझाईन करतात? सुरुवात कुठून करू?

जुना_कंपायलर | सोमवार, रात्री ११:२०

ताई, सगळ्यात आधी एक करा, उद्या सकाळी प्रत्येक केंद्राला फोन करून सांगा की जुनी फाईल कुणीही उघडायची नाही, आणि फोल्डरची प्रत पेनड्राईव्हवर घेऊन तो बाजूला ठेवा. शक्य असेल तर जुन्या फायली फक्त वाचता येतील अशा करून टाका. बाकी चर्चा नंतर.

८.५ का आलं नाही ते सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जावाचं डिसिरियलायझेशन, म्हणजे फाईलमधून ऑब्जेक्ट परत उभं करणं, तुमच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नव्याने बनवताना चालणारा कोड) चालवतच नाही. वरच्या साखळीत पहिला जो सिरियलायझेबल नसलेला पूर्वज असेल (बहुतेक वेळा ऑब्जेक्ट) त्याचा रिकामा कन्स्ट्रक्टर चालतो, तुमचा नाही. आणि फिल्डपुढे लिहिलेलं ८.५ हे कन्स्ट्रक्टरचाच भाग म्हणून कंपाईल होतं. त्यामुळे फाईलमध्ये जे फिल्ड सापडलं नाही त्याला डबल असेल तर ०.०, दुसऱ्या ऑब्जेक्टचा संदर्भ असेल तर नल (काहीच नाही). ट्रान्झियंट, म्हणजे साठवू नका असं सांगितलेल्या, फिल्डांचंही तेच. काही एरर येत नाही कारण नियमाप्रमाणे फिल्ड वाढवणं हा चालणारा बदल आहे. फिल्ड काढून टाकलंत तर स्ट्रीममधली (फाईलमधल्या डेटातली) ती किंमत वाचून गुपचूप टाकून दिली जाते.

यूआयडी १ लिहिला नसता तर जावाने क्लासचं नाव, इंटरफेस, फिल्डं, मेथडी यांचा शा-१ हॅश (ठशासारखा आकडा) काढून त्यातून ६४ बिटांचा आकडा बनवला असता, तो जुळला नसता आणि इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन (एरर) आलं असतं. २०१९ मध्येच आलं असतं तर तुमची डिग्री वाचली असती. यूआयडी तोच ठेवणं म्हणजे जुनं आणि नवं सुसंगत आहे असं तुम्ही जावाला शपथेवर सांगणं. तो ते तपासत नाही.

चौथा_मजला | मंगळवार, सकाळी ८:०५

मी सरळ सांगतो, ऑब्जेक्ट फायलीत टाकणं बंद करा आणि एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस घ्या. एक फाईल, सर्व्हर लागत नाही, कॉलम वाढवायचा तर अल्टर टेबल. हे सगळे प्रश्न संपतात.

रानजाई | मंगळवार, सकाळी ९:३०

चौथा_मजला, एसक्यूलाईटला माझा विरोध नाही, पण प्रश्न संपत नाहीत, फक्त जागा बदलतात. कॉलम वाढवताना डिफॉल्ट ८.५ दिलात तर उलट प्रत्येक जुन्या ओळीत ८.५ येईल आणि तेही खोटंच असेल, कारण त्या दुधाचं एसएनएफ ८.५ होतं असं कुणीच मोजलेलं नाही. ०.० निदान नजरेला खुपतं. ८.५ कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ताई, "मोजलेलं नाही" ही एक वेगळी किंमत आहे, ती शून्यही नाही आणि नेहमीचा आकडाही नाही, आणि ती साठवायची सोय स्वरूपातच हवी.

आता मुद्द्याचं. क्लासची आजची अवस्था आणि साठवलेलं रूप वेगळं असणं यात काही चुकलंय असं समजू नका, जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हे जागोजागी आहे. अरेलिस्ट या यादीच्या क्लासच्या आतला अरे (घटकांची सलग रांग) ट्रान्झियंट आहे, कारण त्यात शेवटी रिकाम्या जागा असतात, म्हणून तो फक्त आकार आणि खरे घटक लिहितो. हॅशमॅप (किल्लीवरून किंमत शोधणारा क्लास) आपल्या बादल्या (हॅशकोडनुसार केलेले कप्पे) लिहीत नाही, नुसत्या किल्ल्या आणि किमती लिहितो, कारण ऑब्जेक्टचा हॅशकोड दुसऱ्या जेव्हीएमवर (जावा चालवणारं यंत्र) वेगळा असू शकतो, मग वाचताना पुन्हा नव्याने बादल्या भरतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण बिगइंटिजर, म्हणजे कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा क्लास. आज त्याच्या आत पूर्णांकांचा अरे आहे, पण स्ट्रीममध्ये तो आजही बाइटांचा अरे म्हणूनच जातो, कारण फार पूर्वीच्या आवृत्तीत तसं होतं. त्यासोबत बिटकाउंट, बिटलेंग्थ अशी जुनी फिल्डंही जातात, ज्यांचा आता काहीच उपयोग नाही, त्यात नुसते -१ आणि -२ लिहिलेले असतात. यासाठी सिरियलपर्सिस्टंटफिल्ड्स नावाची यादी क्लासमध्ये जाहीर करता येते, म्हणजे "माझी साठवायची फिल्डं ही, माझ्या आतल्या फिल्डांशी त्यांचा संबंध असेलच असं नाही", आणि मग राईटऑब्जेक्टमध्ये पुटफिल्ड्स, रीडऑब्जेक्टमध्ये रीडफिल्ड्स. कॉनकरंटहॅशमॅप (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणारा हॅशमॅप) तर जावा ८ मध्ये २०१४ ला आतून पूर्ण नव्याने लिहिला, सेगमेंट (त्याचे आतले भाग) ही कल्पनाच निघून गेली, तरी सिरियलाईझ करताना तो आजही १६ रिकामे सेगमेंट बनवून लिहितो, जुन्या जावाला वाचता यावं म्हणून.

म्हणजे ज्यांनी ही भाषा सांभाळली त्यांना फार लवकर कळलं की फाईलमधलं रूप हा दिलेला शब्द असतो. आतलं कितीही बदला, शब्द पाळायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शब्द काय आहे हे कुणी कधी ठरवलंच नाही, क्लास जसा होता तसा तो आपोआप ठरला. सुरुवात तिथून करा. क्लास बंद करून ठेवा आणि एका कागदावर लिहा, एका नोंदीबद्दल दहा वर्षांनीही खरं असायला हवं असं काय काय आहे.

माणकाठ | मंगळवार, दुपारी २:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्या केंद्रांना फोन झाले, २३ पैकी १९ ठिकाणच्या प्रती आल्या.

रानजाई, कागद घेऊन बसले होते. लिटर, फॅट, डिग्री, शिफ्ट, तारीख, उत्पादक क्रमांक इथपर्यंत सोपं गेलं. दराशी अडले. दर हा फॅट, एसएनएफ आणि दरपत्रक यावरून निघतो, म्हणजे साठवायची गरज नाही, जे काढता येतं ते साठवू नये असंच शिकलोय ना आपण? पण मग मावशींचा उतारा चुकला तो त्यामुळेच. एसएनएफचंही तसंच, ते डिग्री आणि फॅटवरून निघतं, पण सूत्रातला शेवटचा स्थिरांक प्रत्येक डेअरी वेगळा धरते आणि आमच्याकडे तो मध्ये एकदा बदललाय.

संकलन_सेक्रेटरी | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मी प्रोग्रामर नाही, एका दूध संस्थेचा हिशेब १४ वर्षं बघितलाय, धागा दिसला म्हणून लिहितोय. मॅडम, दर काढला जातो हे तुमच्या मशीनच्या दृष्टीने. आमच्या दृष्टीने दर त्या दिवशी त्या माणसाला दिला. पावती फाडून हातात दिली की तो विषय संपला, उद्या दरपत्रक चुकीचं निघालं तरी कालच्या पावतीवरचा आकडा बदलत नाही, फरक द्यायचा असला तर वेगळा फरक म्हणून बिलात लावतो, जुनी पावती खोडत नाही. तुमच्या फाईलमध्ये पावतीवर जे छापलं ते सगळं जसंच्या तसं पाहिजे, दर आणि रक्कम दोन्ही. डिग्री पण पाहिजे कारण तक्रार आली की आम्ही डिग्रीच बघतो.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:१०

सेक्रेटरी साहेब, अगदी नेमकं सांगितलंत. आमच्या भाषेत, जे आजही त्याच आकड्यांवरून तेच निघेल ते साठवू नका (दहा दिवसांची एकूण बेरीज, यादीतला क्रम, स्क्रीनवर निवडलेली ओळ). पण ज्याच्या मागचा नियम बदलू शकतो आणि ज्यावर कुणाला पैसे दिले गेले, ते काढता येत असलं तरी घडलेली गोष्ट म्हणून साठवा. दर, लागू केलेलं एसएनएफ, रक्कम, आणि कोणतं दरपत्रक लागलं त्याचा क्रमांक. अख्खं दरपत्रक नको.

उत्पादकाचंही तेच. नोंदीत फक्त उत्पादक क्रमांक, उत्पादकांची फाईल वेगळी. आत्ता काय होतंय, एका स्ट्रीममध्ये एकच उत्पादक दहा नोंदींत असला तरी जावा त्याची एकच प्रत लिहितो आणि बाकी ठिकाणी खूण ठेवतो, म्हणून एका फाईलपुरतं सगळं ठीक दिसतं. पण दोन फायली उघडल्या की त्याच उत्पादकाचे दोन ऑब्जेक्ट मेमरीत येतात आणि एकाचं खातं बदललं तर दुसऱ्याला पत्ताच नसतो. अजून एक तपासा, उत्पादकाच्या क्लासमध्ये स्क्रीनला कळवण्यासाठी लिसनरची यादी ठेवलीय का? स्विंगच्या खिडक्या स्वतः सिरियलायझेबल असतात, लिसनरमार्फत अख्खी खिडकी फाईलमध्ये गेल्याचं मी पाहिलंय. आणि स्विंगच्या डॉक्युमेंटेशनमध्येच स्पष्ट लिहिलंय की असे ऑब्जेक्ट पुढच्या आवृत्तीत वाचता येतील याची हमी नाही.

माणकाठ | मंगळवार, रात्री ९:४४

आहे!! काही फायली ६० केबीच्या आणि काही ४ एमबीच्या का, हे मला आठ वर्षं कळत नव्हतं.

दर्यावर्दी | बुधवार, सकाळी ७:३०

मी अँड्रॉइडवर काम करतो, मडगावहून. माझा अनुभव लिहितो कारण "जेसन वापरा म्हणजे झालं" असं कुणीतरी सांगेलच.

आम्ही एका ॲपमध्ये ऑफलाईन ऑर्डरी जीसन नावाच्या लायब्ररीने जेसन (नाव आणि किंमत असा साधा मजकूर) करून ठेवायचो. कॉटलिन भाषेतला डेटा क्लास, काही फिल्डांना डिफॉल्ट दिलेले, सगळ्यांना नाही. एक नवीन फिल्ड आलं, नल चालणार नाही अशा टाईपचं, डिफॉल्ट रिकामी यादी. जुना जेसन वाचला आणि त्या फिल्डात नल. कॉटलिन म्हणतं इथे नल येऊच शकत नाही, आणि आलं. कारण रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल तर जीसन अनसेफ ही जावाची आडवाट वापरून कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट बनवतं. म्हणजे ताईंचं ८.५ आणि आमची रिकामी यादी, एकच गोष्ट.

दुसरा धडा जास्त महाग पडला. रिलीज बिल्डमध्ये आर८ (कोड लहान करणारं अँड्रॉइडचं साधन) फिल्डांची नावं लहान करतं, ए, बी, सी अशी. जीसन फिल्डांची नावं रनटाईमला बघून जेसन लिहितं, त्यामुळे लोकांच्या फोनवरच्या जेसनमध्ये किल्ल्याच ए, बी, सी अशा पडल्या. पुढच्या रिलीजला एक फिल्ड वाढलं, आर८ ने नावं वेगळी वाटली, आणि ऑर्डरचा पत्ता होता तिथे फोन नंबर वाचला गेला. आमच्या डीबग बिल्डमध्ये नावं लहान होत नाहीत म्हणून टेस्टिंगमध्ये काहीच दिसलं नाही. तेव्हापासून प्रत्येक साठवायच्या फिल्डाला नाव हाताने लिहून देतो, सिरियलाईज्डनेम लावून. क्लासमधलं नाव हे आपल्या सोयीचं, साठवलेलं नाव वेगळं, एकातून दुसरं आपोआप येऊ द्यायचं नाही.

चौथा_मजला | बुधवार, सकाळी १०:००

वाचून माझं मत थोडं बदललं. तरी एसक्यूलाईटच सुचवेन, पण आधी स्वरूप ठरवून मग.

मात्र जुन्या फायलींबद्दल विचारतो, सगळ्या साडेसहा हजार एकदाच बदलून टाका ना, आणि जुना कोड फेकून द्या. कायमचा वाचक सांभाळत बसायचं कशाला?

जुना_कंपायलर | बुधवार, सकाळी ११:२५

एकदाच बदलायच्या हे मलाही पटतं, पण जुना वाचक फेकू नका. दोन वर्षांनी कुठल्यातरी केंद्रावर कपाटात पेनड्राईव्ह सापडतो, हे नक्की. जुने क्लास वेगळ्या जारमध्ये (जावाच्या क्लासांची गठ्ठा-फाईल) गोठवून ठेवा, मुख्य सॉफ्टवेअरला त्याची माहिती नसली तरी चालेल.

कसं करायचं ते सांगतो. गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) २०१९ च्या आधीचा नोंदीचा क्लास काढा, डिग्रीवाला. तो "जुनं" नावाच्या पॅकेजमध्ये ठेवा, यूआयडी तोच. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमचा (अशा फायली वाचणारा जावाचा क्लास) उपक्लास करून त्यातली रिझॉल्व्हक्लास (नावावरून क्लास शोधणारी मेथड) ओव्हरराईड करा आणि स्ट्रीममधलं नाव आलं की तुमचा गोठवलेला क्लास परत द्या. जावा दोन गोष्टी तपासतो, यूआयडी जुळतोय का, आणि क्लासच्या नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग तोच आहे का. पॅकेज वेगळं चालतं, शेवटचं नाव बदललं तर चालत नाही. यावर माझे एकदा दोन दिवस गेलेत.

गोठवलेल्या क्लासमध्ये डिग्री आणि एसएनएफ दोन्ही फिल्डं ठेवा, आणि रीडऑब्जेक्टमध्ये रीडफिल्ड्स घेऊन प्रत्येकाला डिफॉल्टेड विचारा. ते सांगतं की हे फिल्ड स्ट्रीममध्ये खरंच होतं की नव्हतं. त्यावरून तुम्हाला तीन ढीग मिळतील. ज्यात डिग्री आहे त्या शुद्ध जुन्या. ज्यात एसएनएफ आहे आणि ते शून्य नाही त्या नव्या. आणि ज्यात एसएनएफ आहे पण ०.० आहे, त्या मध्ये उघडून बिघडलेल्या. तुमचं "किती गेल्या" याचं उत्तर एका रात्रीत मिळेल.

डबलची फिल्डं मात्र गोठवलेल्या क्लासमध्ये डबलच राहू द्या, तिथे लाँग केलंत तर लगेच एक्सेप्शन येईल. पैसे करायचं काम नंतरच्या पायरीत.

आणि फायली व्हॉट्सॲपवरून येत असतील तर रिझॉल्व्हक्लासमध्ये ठरावीक क्लासशिवाय बाकी सगळे नाकारा. जावाच्या डिसिरियलायझेशनमधून भलता कोड चालवता येतो हे २०१५ मध्ये कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या प्रकरणात जगभर दिसलं, जावा ९ मध्ये त्यासाठी फिल्टर आले. पहिले चार बाइट एसी ईडी ०० ०५ असतील तरच ती फाईल जावाची.

रानजाई | बुधवार, दुपारी १२:४०

मी पायऱ्या पायऱ्यांच्या बाजूची. नव्या फाईलमध्ये सगळ्यात पहिली गोष्ट स्वरूप क्रमांक. १ म्हणजे जुनी डॅट, २ म्हणजे आत्ताची. उद्या ३ आला की फक्त २ वरून ३ ला नेणारी एक छोटी फंक्शन लिहायची, १ वरून ३ ला नेणारी वेगळी लिहायची नाही, १ ची फाईल दोन पायऱ्या चढेल.

यात एक पथ्य कडक पाळा. ही फंक्शनं कच्च्या डेटावर चालली पाहिजेत, म्हणजे नाव आणि किंमत अशा साध्या मॅपवर, आजच्या नोंदीच्या क्लासवर कधीच नाही. आजचा क्लास उद्या बदलेल आणि तीन वर्षांपूर्वी लिहिलेली पायरी गुपचूप वेगळं वागायला लागेल. सगळ्या पायऱ्या चढून झाल्या की मगच खऱ्या कन्स्ट्रक्टरमधून ऑब्जेक्ट बनवा, म्हणजे लिटर ऋण आहे, शिफ्ट तिसरीच आहे असल्या गोष्टी तिथे अडतील. जावाच्या रेकॉर्डांना (नुसता डेटा ठेवणारे क्लास) हे आपोआप मिळतं, ते डिसिरियलाईझ होताना कन्स्ट्रक्टरमधूनच जातात, जावा १६ घेऊ शकत असाल तर साठवायचं रूप रेकॉर्ड करा.

आणि क्रमांक आपल्यापेक्षा मोठा दिसला तर फाईल उघडायला नकार द्या. २३ केंद्रांवर एकाच दिवशी अपडेट जाणार नाही. जुन्या आवृत्तीने नवी फाईल उघडली, ओळखीची नसलेली फिल्डं टाकून दिली आणि परत सेव्ह केली, की तुमची डिग्री पुन्हा एकदा गेली. प्रोटोबफच्या (डेटा साठवण्याचं गूगलचं स्वरूप) तिसऱ्या पिढीत सुरुवातीला अनोळखी फिल्डं अशीच टाकून दिली जायची, लोकांना त्रास झाला, ३.५ पासून ती पुन्हा जपून ठेवायला लागले.

अटलांटिकपार | बुधवार, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून. तारखेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. जुन्या डेटमध्ये तारीख नसते, १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात. तुमच्या केंद्रावर मध्यरात्र म्हणून साठवलेला क्षण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळ) आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात. फायली बदलण्याचं काम क्लाउडवरच्या मशीनवर चालवलंत तर प्रत्येक नोंद एक दिवस मागे जाईल आणि दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेचं दूध आधीच्या पगारात जाऊन पडेल. लोकलडेट करताना एशिया/कोलकाता हा झोन स्पष्ट लिहा, मशीनचा झोन वापरू नका. आणि फाईल ज्या दहा दिवसांची आहे त्याच्या बाहेरची एकही तारीख आली तर तिथेच थांबवा.

टेस्टवाली | गुरुवार, सकाळी ९:१५

माणकाठ, माझी एक कळकळीची विनंती. प्रत्येक काळातल्या दोन-तीन खऱ्या फायली (नावं आणि खाती बदलून) कोडसोबत गिटमध्ये ठेवा आणि प्रत्येक बिल्डला त्या वाचून पावतीवरच्या आकड्याशी ताडून बघा. लिहून लगेच वाचण्याची टेस्ट इथे उपयोगाची नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही आजचे असतात, २०१७ ची फाईल त्यात कुठेच नसते. मावशींच्या कार्डावरचे दहा दिवसांचे आकडे मिळाले तर तीच पहिली टेस्ट.

पैशांचं बघताना जुना कोड रुपयांना गोल कधी करत होता तेही शोधा, प्रत्येक पावतीला की शेवटी बिलाला. पूर्णांक पैसे केल्यावर दहा दिवसांत दोन-चार पैसे इकडे तिकडे होतात ते तिथूनच.

बत्ती_गुल | गुरुवार, दुपारी १:००

खेड्यात सेव्ह करता करता वीज जाते. थेट जुन्या फाईलवर लिहू नका. शेजारी तात्पुरती फाईल पूर्ण लिहा, डिस्कवर उतरली याची खात्री करा, परत वाचून बघा, आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी आणा. जावात फाइल्स.मूव्हला ॲटॉमिकमूव्ह देता येतं. आणि बंद करताना आपोआप सेव्ह हे काढूनच टाका, काही बदललं असेल तरच लिहा.

माणकाठ | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री १०:३०

मंडळी, काय झालं ते सांगायला आले.

सगळ्या २३ केंद्रांच्या प्रती मिळाल्या. जुना_कंपायलर यांनी सांगितलं तसा गोठवलेला वाचक लिहिला, तीन ढीग केले. बिघडलेल्या फायली ४१ निघाल्या. त्यातल्या ३४ ची न उघडलेली प्रत कुठल्या ना कुठल्या पेनड्राईव्हवर सापडली, त्यातून डिग्री परत आली. उरलेल्या ७ पैकी ५ फायलींची पावती पुस्तकं केंद्रांवर होती, ती आम्ही दोघी-तिघींनी बसून हाताने भरली.

नवं स्वरूप एसक्यूलाईटमध्येच केलं, चौथा_मजला यांचं ऐकलं, पण टेबलातले कॉलम म्हणजे संकलन_सेक्रेटरी यांची पावती आहे, क्लासची फिल्डं नाहीत. लिटर, फॅट, डिग्री, लागू केलेलं एसएनएफ, दर, रक्कम पैशांत, दरपत्रक क्रमांक, उत्पादक क्रमांक, तारीख, शिफ्ट. जुन्या नोंदींसाठी आणखी एक कॉलम घातला, दर आणि रक्कम त्या वेळी छापलेली आहे की नंतर काढलेली आहे ते सांगणारा, कारण २०१६ ते २०१९ ची रक्कम फाईलमध्ये नव्हतीच, ती आम्ही त्या काळचा स्थिरांक आणि त्या काळचं दरपत्रक लावून काढली, आणि प्रिंटवर तसं छापून येतं. एका तालुक्यातल्या चार केंद्रांवर दरपत्रक मधूनच बदललेलं निघालं, ते पावती पुस्तकं बघूनच कळलं.

तारखांची तपासणी घातली म्हणून एक मशीन सापडलं ज्याचं घड्याळच दोन महिने एका दिवसाने मागे चालत होतं. त्या नोंदी अजून तशाच अडवून ठेवल्यात, सेक्रेटरींशी बोलून ठरवणार.

मावशींचा उतारा परवा काढला. दहाही दिवसांचे आकडे कार्डाशी जुळले, एका संध्याकाळच्या पावतीत एक पैशाचा फरक आहे, तो गोल करण्याच्या पद्धतीतून येतोय असं वाटतं. कार्डाचा फोटो त्यांच्या परवानगीने, नाव झाकून, टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवलाय. ती टेस्ट अजून लालच (म्हणजे नापास) आहे, पैसा सापडेपर्यंत तशीच ठेवणार आहे.

उरलेल्या २ फायलींसाठी कुणाला काही सुचत असेल तर सांगा. दोन्ही २०१८ च्या, डिग्री नाही, पावती पुस्तक नाही. फक्त लिटर आणि फॅट आहे. सध्या एसएनएफच्या जागी "मोजलेलं उपलब्ध नाही" असंच ठेवलंय, रक्कम काढलेली नाही.

संकलन_सेक्रेटरी | सोमवार, सकाळी ६:४०

मॅडम, बँकेचं पासबुक. दहा दिवसांचा पगार खात्यावर जमा झाला असेल तर उत्पादकाकडे तो आकडा असेल. रोजचा दर मिळणार नाही, पण एकूण रक्कम मिळेल.